हातगुण

“मामा, हिच्या आधी कुठली धार काढून आलात?”

डॉक्टरने मान वर न करता विचारलं. ती गिरणीवाल्याच्या गोठ्यात बांडी गाईच्या पोटाशी उकिडवी बसली होती. तिच्या हातात चार खळग्यांची पांढरी प्लास्टिकची ताटली होती आणि बांडीच्या एकेका सडातलं थोडं थोडं दूध एकेका खळग्यात होतं.

“शिंप्याकडची,” मामा म्हणाला. “त्याच्या आधी मास्तरीणबाईंकडची. पहिली बाईंची, मग शिंप्याची, मग या तिघी. इतकी वर्षं झाली, क्रम बदलला नाही. घड्याळ लावून घ्या हवं तर.”

त्याच्या बोलण्यात थोडी ऐट होती. ती त्याला शोभायचीही.  डॉक्टरने बाटलीतलं जांभळं औषध चारही खळग्यांत ओतलं आणि ताटली हळूहळू गोल फिरवायला लागली. तीन खळग्यांतलं दूध पाण्यासारखं पातळच फिरत राहिलं. चौथ्यातलं मात्र दाटत गेलं, त्याला तार सुटली, आणि बघता बघता अंड्यातल्या पांढऱ्यासारखा त्याचा एक बुळबुळीत गोळा झाला.

“दगडी?” गिरणीवाल्याने विचारलं. तो दारातच उभा होता. भुवयांवर पीठ साचल्यामुळे तो कायम चकित झाल्यासारखा दिसे.

“हो. आम्ही कासदाह म्हणतो. सडाच्या तोंडातून जंतू आत शिरलेत.” डॉक्टर उठली. “मामा, धारेआधी हात धुता ना?”

“म्हणजे काय! प्रत्येक घरी धुतो.”

“कशानं?”

“बादलीत पाणी ठेवलेलं असतंय की.”

“आणि पुसता?”

मामाने खांद्यावरचा टॉवेल दाखवला. पांढराशुभ्र. गल्लीतल्या बायका आपल्या नवऱ्यांना त्याच्या टॉवेलचं उदाहरण देत.

“कासही यानंच पुसता?”

“मग? रोज साबण लावून धुतो घरी. एक डाग दाखवा.”

“डाग नाहीये, मामा,” डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. “हे जंतू दिसत नाहीत. हातावरून जातात, फडक्यावरून जातात. एका गाईच्या सडावरून दुसऱ्या गाईच्या सडावर. तुम्ही बोटं दुधात बुडवून सड ओले करता, मघाशी पाहिलं मी. त्यानंही जातात.”

 बांडी रवंथ करत होती तेवढाच आवाज. मामाने टॉवेल खांद्यावरून काढला, त्याची घडी घातली, आणि ती कुठे ठेवावी हे न कळून तशीच हातात धरून उभा राहिला.

मामा म्हणजे सख्खी बहीण नसलेला मामा. गल्लीतल्या कुठल्याशा पोराने कधीतरी त्याला मामा म्हटलं, ते इतकं चिकटलं की त्या पोराचे वडीलही त्याला मामाच म्हणायला लागले. त्याचा बाप शहराबाहेरच्या मोठ्या डेअरीत धारा काढायचा. बापाने त्याला दुसरं काही दिलं नाही. मूठ मात्र दिली. अंगठा दुमडून सड ओढायचा नाही, पूर्ण मुठीत घ्यायचा, वरून खाली एकेक बोट मिटत आणायचं. गाईला कळताही कामा नये की कुणी काही काढून घेतंय. पुढे डेअरीत यंत्रं आली आणि बाप घरी बसला. मुलगा सायकल घेऊन गल्लोगल्ली धारा काढायला लागला. लाथाळ गाय त्याच्यापुढे मेंढरासारखी उभी राही. पान्हा चोरणारी गाय त्याने नुसता कासेवरून हात फिरवला की दूध सोडी. लोक म्हणायचे, याच्या हाताला गुण आहे. मामा हसून म्हणायचा, “गुण गाईचा, मी नुसती मूठ मिटतो.” पण मनातून त्याला ते पटलेलं असायचं.

त्याचं लग्न झालं नाही, त्यालाही धारच कारण. तरुणपणी एकदा मुलगी बघायला म्हणून चुलत्याने त्याला शेजारच्या गावी नेलं. मुलगी चहा घेऊन आली, खाली मान घालून बसली, आणि याने खिडकीतून उतरतं ऊन पाहिलं. “धारेची वेळ झाली,” असं म्हणून तो उठलाच. चुलता त्यानंतर कैक वर्षं सांगत असे, “मुलगी पसंत होती हो याला. नापसंत होता तो मुहूर्त.” पुढे चुलताही गेला आणि हे सांगणारं कुणी राहिलं नाही. गाईला रविवार नसतो. त्यामुळे मामा कुणाच्या लग्नाला जेवला नाही, कुणाकडे मुक्कामाला राहिला नाही. मेलेल्यांना पोचवायलासुद्धा तो दुपारीच काय तो जाऊ शके.

सकाळची धार आणि संध्याकाळची धार यांच्यामध्ये जो लांबलचक दिवस असतो तो त्याच्याकडे रिकामा होता. एका खोलीत राहायचा. खोलीत खाट, स्टोव्ह आणि भिंतीला टेकवलेली सायकल. दुपारी तो टॉवेल धुवायचा, वाळत घालायचा, आणि वाळेपर्यंत पडून राहायचा. बोलायचा ते गोठ्यांमध्ये, तेही गाईंशी. माणसांशी त्याचं बोलणं “आलो”, “झाली”, “येतो” एवढंच. पण गोठ्यातल्या माणसाला कान नसतात असं घरं धरून चालतात, त्यामुळे त्याला सगळं माहीत असे. शिंप्याच्या बायकोला कधी डोहाळे लागले, गिरणीवाल्याचा मुलगा आणि सून कशावरून धुमसतात, मास्तरीणबाई एकट्याच घरात मोठ्याने वर्तमानपत्र वाचतात. हे सगळं जणू त्याचंच घर होतं, फक्त गोठ्याच्या बाजूने पाहिलेलं.

“बाकीच्या गाई बघायला हव्यात,” डॉक्टर स्कूटरला पिशवी अडकवत म्हणाली. “कुठं कुठं जाता तुम्ही? मला घरं ठाऊक नाहीत.”

मामाने काही सांगितलं नसतं तरी चाललं असतं. दोन घरं सांगून दोन वगळता आली असती. नाहीतर “उद्या दाखवतो” म्हणून वेळ मारून नेता आली असती. त्याने सायकल काढली. “माझ्या मागं या,” तो म्हणाला.

एरवी ज्या रस्त्याने तो पहाटे एकटा जायचा त्याच रस्त्याने आता तो भर उन्हात, मागे डॉक्टरची स्कूटर घेऊन निघाला. शिंप्याच्या बायकोने दोघांना दारात पाहिलं आणि आधी मामाकडेच बघितलं, जणू डॉक्टर त्याच्यासाठी आणलीय. तिच्या गाईच्या दोन खळग्यांत गोळा झाला. रस्त्याच्या टोकाला रंगाऱ्याच्या दोन गाई होत्या, त्यातल्या एकीच्या एका सडात. प्रत्येक घरी डॉक्टर तेच सांगायची: जंतू असे जातात, चूक कुणा एकाची नाही, सगळीकडे असंच चालतं. ती चांगली होती. ती जितकं चांगलं बोलत होती तितका मामा भिंतीकडे सरकत होता.

शेवटचं घर मास्तरीणबाईंचं. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. नवरा त्याआधीच गेलेला. मागच्या अंगणातली तांबडी हेच त्यांचं माणूस. डॉक्टरने तांबडीची कास दोन्ही हातांनी चाचपली आणि मागच्या डाव्या भागावर तिचे हात थांबले. मग तिने त्या सडातलं दूध काळ्या कापडावर घेतलं. पांढऱ्या, बारीक, भातशितांसारख्या गुठळ्या कापडावर स्पष्ट राहिल्या.

“हे जुनं आहे,” ती म्हणाली. “महिनोन्‌महिने असणार. इथून सुरू झालंय.”

पहिल्या दोन पिळ्या मामा रोज जमिनीवर टाकत असे, सवयीने, न बघता. शेणाच्या ओल्या जमिनीवर गुठळी कुणाला दिसते? रोज पहाटे याच गाईपासून त्याचा दिवस सुरू होई. इथून तो टॉवेल खांद्यावर टाकून शिंप्याकडे जाई, तिथून गिरणीवाल्याकडे, तिथून रंगाऱ्याकडे.

“माझ्या गाईमुळं का हो सगळं?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“गाईमुळं नाही, बाई,” मामा म्हणाला. गिरणीवाल्याकडून निघाल्यापासून त्याने काढलेला हा पहिला शब्द. “गाय तर जागची हलली नाही.”

डॉक्टरने सगळ्यांना सारखंच सांगून ठेवलं. हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. प्रत्येक गाईला वेगळं, कोरडं फडकं. पहिल्या पिळ्या काळ्या कापडावर घेऊन बघायच्या. धार झाली की प्रत्येक सड आयोडीनच्या कपात बुडवायचा, आणि गाईपुढे चारा टाकायचा, म्हणजे ती लगेच खाली बसत नाही, सडाचं तोंड मिटायला वेळ मिळतो. निरोगी गाई आधी, आजारी सगळ्यात शेवटी. आजारी सड पूर्ण पिळून काढून मग त्यात औषधाची नळी सोडायची, आणि त्या दिवसांतलं दूध कुणाच्याही पोटात जाऊ द्यायचं नाही, वासराच्याही नाही.

मामाने यातलं सगळं केलं. त्याने वीतभर वीतभर फडकी फाडून शिवून घेतली, शिंप्याकडूनच. क्रम उलटा केला: आता रंगाऱ्याची निरोगी गाय पहिली आणि मास्तरीणबाईंची तांबडी शेवटी. हाताची नखं मुळापासून कापली. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर लोकांचं दूधच पोळलं होतं.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं असं मामाला वाटे. शिंप्याची बायको एका सकाळी म्हणाली, “मामा, मीच काढून बघितली आज. म्हटलं आपला हात जगन्नाथ. जमली की.” आणि तिने चहा पुढे केला. तिने वाईट वाटून घेऊन चहात साखर जास्त घातली होती. रंगाऱ्याने दोन्ही गाई भावाकडे नेऊन बांधल्या. बांडीचा तो एक सड पुन्हा कधी वाहिला नाही. औषधं झाली, नळ्या झाल्या, तरी तो भाग आक्रसत गेला आणि कास एका बाजूने बसल्यासारखी दिसायला लागली.

गिरणीवाला तर खऱ्या अर्थाने भला माणूस. त्याने मामाला गिरणीत बोलावलं, पट्टा बंद केला, म्हणजे ओरडून बोलावं लागू नये.

“पोरगं म्हणतंय मशीन घेऊ,” तो म्हणाला. “तिघींना पुरेल असं छोटं. मी म्हटलं मामाला विचारतो.”

“मला काय विचारायचं, भाऊ.”

“राग नाही ना?”

“छे. चांगलं असतंय मशीन. दमत नाही.”

“येत जा पण,” गिरणीवाला म्हणाला. “असाच.”

मामा बरं म्हणाला. पट्टा पुन्हा सुरू झाला.

आता एकच घर राहिलं. एका गाईसाठी मामा दोन्ही वेळा सायकल हाणत जाऊ लागला. एके दिवशी संध्याकाळी तो गेला तेव्हा तांबडीने त्याच्याकडे मान वळवली नाही. तिचे कान गार पडले होते, अंग तापलेलं, आणि ती मागचा डावा पाय बाहेर फाकवून उभी होती. तो भाग दगडासारखा घट्ट आणि इतका गरम की हात ठेववेना. पहिल्या पिळीला दुधाऐवजी पिवळसर पाणी आलं. दुसऱ्या पिळीला तांबूस झाक.

डॉक्टर आली. तिने शिरेतून औषध दिलं, दुखणं उतरायचं इंजेक्शन दिलं, आणि हातमोजे काढता काढता मामाला म्हणाली, “आता औषधापेक्षा हे जास्त महत्त्वाचं. आत साठू द्यायचं नाही. दर थोड्या वेळानं पिळून काढायचं, जे येईल ते. दिवसभर. तिला दुखेल. लाथा मारील.”

“दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात,” मास्तरीणबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात थट्टा उतरली नाही.

“ही आता दुभती कुठली,” मामा म्हणाला, आणि बाही वर करून बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी जायचा तो दिवेलागणीलाच परतायचा. आधी कासेवर थंड पाणी, मग पिळणं, मग आयोडीन, मग हात धुणं, मग थोडा वेळ थांबणं, आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी तांबडीने लाथ मारली ती त्याच्या मांडीला लागली. त्याने पाय बांधले नाहीत. तो तिच्याशी बोलत राहिला, खालच्या आवाजात, जे इतकी वर्षं बोलत आला होता तेच: झालं हं, झालं, एवढंच, आता झालं. त्याच्या पाठीमागे, मोरीच्या दाराशी मास्तरीणबाई उभ्या असत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. शरमून तो गप्प झाला.

“बोला की,” त्या म्हणाल्या. “मी रोजच ऐकते. पहाटे घरात तेवढाच तर आवाज असतो.”

मधल्या वेळात बसायला त्याला जागा नव्हती. गोठ्यात बसायचं तर हात पुन्हा मळायचे. मास्तरीणबाईंनी मागच्या दाराच्या आत खुर्ची टाकली. इतक्या वर्षांत मामा त्या उंबऱ्याच्या आत प्रथमच आला. आतून घर वेगळं दिसत होतं. जी खिडकी त्याने नेहमी बाहेरून बंद पाहिली होती तिच्याखाली एक टेबल होतं, टेबलावर वर्तमानपत्र आणि त्यावर भिंग.

“तुम्ही मोठ्यानं का वाचता, बाई?” त्याने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

त्या हसल्या. “ऐकू जातं वाटतं गोठ्यात. शाळेची सवय. मोठ्यानं वाचलं नाही तर मलाच पटत नाही वाचतेय म्हणून.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि तुम्ही गोठ्यात असायचात. म्हटलं, कुणाच्या तरी कानावर पडतंय.”

 मामा उठून तांबडीकडे गेला. अजून वेळ झाली नव्हती तरी.

त्या दिवसांत त्या त्याला मोठ्याने बातम्या वाचून दाखवत, आणि तो मधूनमधून उठून जाई. कुठे पूल झाला, कुठे आग लागली, कुणी निवडून आलं. तो ऐकून “असं होय” म्हणे. एकदा त्यांनी विचारलं, “तुमचं कुणी नाही का हो?” तो म्हणाला, “सगळी गल्ली मामा म्हणते.” त्या म्हणाल्या, “ते नव्हे.” तो म्हणाला, “ते नाही कुणी.” एवढंच. पण सायकलवरून घरी जाताना त्याला वाटलं, आज आपण फार बोललो.

हळूहळू तांबडीचे कान गरम झाले. एका सकाळी तिने गवताला तोंड लावलं आणि मास्तरीणबाई डोळे पुसत आत निघून गेल्या. गाठ उतरली, पाणी घट्ट होत गेलं, मग त्यात दुधाचा रंग आला. पण डॉक्टरने पुन्हा ताटली फिरवली तेव्हा एकाऐवजी दोन खळग्यांत गोळा झाला.

“जगली,” डॉक्टर म्हणाली. “पण हे जंतू आत घर करून बसतात. वाहत्या कासेत औषधाला दाद देत नाहीत. एकच मार्ग आहे, गाय आटवायची. धार बंद. चारही सडांत औषध भरून ठेवायचं आणि कासेला हातच लावायचा नाही. विश्रांती मिळाली तर पुढच्या वेताला कदाचित चांगली होईल.”

“हातच लावायचा नाही,” मामाने पुन्हा म्हटलं.

“अजिबात नाही. पिळलं की पुन्हा दूध येतं, मामा. तुम्हाला मी काय सांगणार.”

शेवटची धार त्याने त्याच संध्याकाळी काढली. अगदी निथळेपर्यंत, थेंब थेंब. डॉक्टरने स्पिरिटच्या बोळ्याने एकेक सड पुसला, एकेका सडात नळी रिकामी केली. मामाने आयोडीनचा कप धरला. मग त्याने बादली धुऊन पालथी घातली. मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या.

“येत जा,” त्या म्हणाल्या. “धार नसली तरी.”

तो गेलाही. काही दिवस त्याच वेळेला गेला, गोठा झाडला, तांबडीच्या पाठीवरून हात फिरवला, खुर्चीवर बसला. पण काम नसलेला माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्यासारखं कसं बसायचं ते त्याला कधी शिकायला मिळालंच नव्हतं. हात मांडीवर ठेवले की ते दुसऱ्याच कुणाचे वाटत. बातमी संपली की दोघंही गप्प होत, आणि आता मध्येच उठून जायला धार नव्हती. एकदा तो गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग न जाण्याची सवय झाली.

तांबडी गाभण राहिली होती, ती डॉक्टरच्या ओळखीच्या एका गोठेवाल्याने नेली. तिला तिथे वेगळी बांधतील, सगळ्यांच्या शेवटी धार काढतील, असं कबूल करून घेतलं होतं. मास्तरीणबाईंना त्यांचा पुतण्या आपल्याकडे घेऊन गेला. जायच्या दिवशी त्यांनी गाडी मामाच्या खोलीशी थांबवली आणि काठी टेकत आत आल्या. खोलीत बसायला खाटेशिवाय काही नव्हतं, म्हणून दोघंही उभेच राहिले.

“तुमच्या हाताला गुण आहे,” त्या म्हणाल्या. “माझी गाय जगली.”

याच हाताने ती आजारी पडली असेल, बाई, आणि याच हाताने बाकीच्याही, असं त्याला म्हणायचं होतं. तो महिनाभर हेच मनात घोळवत होता. पण त्या इतक्या दूर निघालेल्या, आणि हे एवढं एकच बोलायला गाडीतून उतरलेल्या.

“तिकडं वर्तमानपत्र येतं ना?” त्याने विचारलं.

“येतं म्हणतो पुतण्या. पण घर भरलेलं आहे हो. मोठ्यानं वाचता नाही येणार.”

पुतण्याने हॉर्न दिला.

थंडी सरत आली तेव्हा एका संध्याकाळी गिरणीवाल्याची सून मामाच्या दारात आली. पळत आली असावी, तिला धाप लागली होती. सकाळपासून वीज नव्हती. मशीन बंद. बांडी आणि दुसरी गाय नवऱ्याने कशाबशा पिळल्या, पण तिसरीच्या जागी नवी आणलेली, ताजी व्यालेली काळी कुणाला हात लावू देईना. कास फुटायला आली होती.

मामाने सायकल घेतली नाही. तिच्याबरोबर चालतच निघाला. वाटेत तिने विचारलं, बरे आहात ना, आणि तो बरा आहे म्हणाला.

गोठ्यात कंदील लावलेला होता. काळीला त्याने कधी पाहिलं नव्हतं, तिनेही त्याला नाही. त्याने आधी साबण मागितला. कोपरापर्यंत हात धुतले, खिशातून कोरडं फडकं काढलं, कास पुसली, पहिल्या पिळ्या काळ्या कापडावर घेऊन कंदिलाशी नेऊन पाहिल्या. दूध स्वच्छ होतं. मग तो बसला, कपाळ तिच्या कुशीला टेकलं आणि कासेवरून नुसता हात फिरवला. झालं हं, म्हणाला, झालं. काळीने दोन पावलं टाकली, एक पाय उचलला, तसाच धरला, आणि खाली ठेवला. सडात दूध उतरल्याचं मामाला तळहातावर जाणवलं. पहिली धार बादलीच्या तळाशी वाजली तसा दारातला गिरणीवाला मुलाला काहीतरी सांगता सांगता थांबला. पुढचे दोन सड निम्मे रिकामे झाले. बादलीत फेस चढला आणि धारेचा आवाज खोल, मऊ होत गेला.

तेवढ्यात वीज आली. गोठ्यातला दिवा लागला, कोपऱ्यातली मोटर घरघरली. काळी दचकली नाही. तिला तो आवाज रोजचा होता. मुलगा पुढे आला.

“राहू द्या, मामा. लावतो आता. तुम्ही कशाला दमता?”

“हां, हां,” मामा म्हणाला. “लावा की.”

त्याने मिटत आणलेली मूठ हळूच उघडली. मुलाने चार नळ्या चार सडांना लावल्या, त्या चिकटल्या, आणि पारदर्शक पाइपातून दूध निघालं. मामा बाजूला झाला. सून म्हणाली, चहा टाकते, बसा. तो म्हणाला, नको, पुन्हा कधीतरी.

बाहेरच्या नळावर जाऊन त्याने साबण घेतला. आधी तळवे, मग बोटांच्या बेचकीत, मग नखं, मग कोपरापर्यंत, सावकाश, एका गाईकडून दुसऱ्या गाईकडे जाताना धुवायचे असतात तसे. खिशातून दुसरं, न वापरलेलं फडकं काढून हात कोरडे केले. मग ओले दोन्ही तुकडे वेगवेगळ्या खिशांत ठेवून तो खोलीच्या रस्त्याला लागला.